चालकाविना इंजिन चालू ठेवणे

सार्वजनिक जागी मोटारगाडीचे इंजिन चालू ठेवून चालकाने गाडी सोडून जाणे हे भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ चे उल्लंघन ठरते. हा केंद्रीय कायदा असल्याने अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इत्यादी मुंबईच्या उपनगरांतही तो लागू आहे.

तरतूद

सार्वजनिक जागी वाहन उभे असताना चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असावी लागते; अन्यथा यंत्र बंद करून ब्रेक लावणे किंवा वाहन चुकून चालू लागणार नाही अशी अन्य व्यवस्था करणे बंधनकारक आहे. त्यामुळे मुलांना वातानुकूलित गाडीत बसवून चालक औषधे आणण्यास उतरला, तरी नियमभंग होतो. मात्र परवानाधारक चालक आसनावर असल्यास इंजिन चालू ठेवण्यास हे कलम मनाई करत नाही.

लोकांना प्रवेशाचा हक्क असलेली जागा म्हणजे सार्वजनिक जागा, अशी व्याख्या कलम २(३४) मध्ये आहे. गृहनिर्माण संस्थेचे आवार या व्याख्येत येते की नाही, हे तेथील प्रवेशाच्या हक्कावर अवलंबून असते.

परिणाम

कलम १७७ नुसार पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपयांपर्यंत व पुढील गुन्ह्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी या मर्यादा १०० व ३०० रुपये होत्या. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होऊ शकते.

किल्ली आत राहिलेली गाडी चोरीस गेल्यास, वाजवी काळजी घेतली नाही या कारणाने विमा कंपनी दावा नाकारू शकते. किल्ली आत ठेवलेल्या ट्रकच्या चोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विम्याच्या रकमेपैकी ७५ टक्के रक्कम मंजूर केली.

इंजिन गरम करण्याची आवश्यकता

कार्ब्युरेटर असलेली जुनी इंजिने थंडीत काही वेळ चालू ठेवावी लागत. इंधन अंतःक्षेपण प्रणालीच्या आधुनिक गाड्यांना तेवढी गरज नसते; सुरुवातीचे अंतर सावकाश चालवल्यास इंजिन तापते. मुंबईत कडाक्याची थंडीही विरळाच असते. सांताक्रूझ वेधशाळेतील नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून ते २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदले गेले.

इमारतीखालील बंदिस्त वाहनतळात इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. हा वायू रंगहीन, गंधहीन व प्राणघातक असल्याने खासगी जागेतही ही सवय धोकादायक ठरते.