सेलेस्टाइट : नाव आकाशाचे, पारख वजनाची

बहुतेक प्राथमिक शाळांत दगडांची एखादी पेटी असते. ओढ्यातून, विहिरीच्या खोदाईतून, सडकेच्या खडीतून मुले चकाकणारे दगड वेचून आणतात आणि गुरुजी त्यांना नावे देतात. शाळाभेटीत अशा पेट्या पाहताना असे आढळून येते की, ही नावे बहुधा रंगावरून दिलेली असतात. पांढरा पारदर्शक तो स्फटिक, हिरवट तो पाचू, पिवळा चकचकीत ते सोने. वस्तुतः रंग हा खनिजाचा सर्वांत आधी नजरेत भरणारा आणि सर्वांत कमी भरवशाचा गुण होय. मुलाच्या मनात एकदा बसलेली रंगावरची ही भिस्त पुढे काढून टाकणे फार जड जाते.

या दृष्टीने सेलेस्टाइट हे गाळाच्या खडकांत आढळणारे काहीसे दुर्मिळ खनिज अभ्यासण्याजोगे आहे, कारण त्याचे नावच रंगावरून पडले आहे. लॅटिन भाषेत आकाशासंबंधीच्या वस्तूस जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातून आलेले नमुने फिकट निळे होते आणि 18व्या शतकाच्या अखेरीस जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांनी त्यावरून नाव दिले. परंतु हेच खनिज वर्णहीन, पांढरे, पिवळसर किंवा तांबूसही असते, आणि निळा नमुना तापविला तर त्याचा निळेपणा उडून जातो. खनिज मात्र तेच राहते.

रसायनदृष्ट्या ते स्ट्रॉन्शियम या धातूचे सल्फेट आहे. स्कॉटलंडमधील स्ट्रॉन्शियन या गावाजवळच्या शिशाच्या खाणीतील एका खनिजात हे मूलद्रव्य प्रथम ओळखले गेले, आणि 1808 साली हम्फ्री डेव्ही यांनी ते शुद्ध धातूच्या रूपात वेगळे केले.

आता हे खनिज गाळाच्या खडकात येते कोठून? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम विरघळलेले असते. शंख-शिंपले व प्रवाळ आपले कवच चुन्याचे करतात, तेव्हा कॅल्शियमच्या सोबतीने थोडे स्ट्रॉन्शियमही त्यात शिरते. कवचांचा थर गाडला जाऊन त्याची चुनखडी बनते. या काळात चुन्याची अंतर्गत रचना बदलते, आणि नव्या रचनेत न मावणारे स्ट्रॉन्शियम बाहेर पडून खडकात मुरलेल्या पाण्यात जाते. हे पाणी जिप्समच्या थरातून आलेल्या सल्फेटयुक्त पाण्यास मिळाले की सेलेस्टाइट तयार होते. लिटरभर पाण्यात जिप्सम दोन ग्रॅमहून अधिक विरघळते, सेलेस्टाइट जेमतेम एक दशांश ग्रॅम. म्हणून ते खडकाच्या पोकळ्यांत व भेगांत साचून राहते, आणि जागा मोकळी असेल तर त्याचे सुंदर स्फटिक वाढतात. काही सूक्ष्म समुद्रजीव तर आपला सांगाडाच या खनिजाचा रचतात. पण जीव मेला की तो सांगाडा समुद्राच्या पाण्यात पुन्हा विरघळून जातो.

अशी मोठी पोकळी 1897 साली अमेरिकेतील ईरी सरोवराच्या एका बेटावर, द्राक्षमद्याच्या कारखान्यासाठी विहीर खणताना सापडली. मजुरांना सुमारे 12 मीटर खोलीवर एक गुहाच लागली. तिच्या भिंती निळसर-पांढऱ्या सेलेस्टाइटच्या स्फटिकांनी मढलेल्या होत्या, आणि त्यांतील काही जवळजवळ मीटरभर रुंद आहेत. भारतात तामिळनाडूतील तिरुचिरापल्ली भागातील क्रिटेशस काळच्या सागरी चिकणमातीत, जिप्समच्या सोबतीने, ते थोड्या प्रमाणात आढळते.

हे खनिज ओळखावयाचे कसे? हातात घेताच आकाराच्या मानाने ते जड लागते. त्याचे विशिष्ट गुरुत्व 3.97, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ चौपट आहे, गारगोटीचे 2.65 आणि कॅल्साइटचे 2.71. काठिण्य 3 ते 3.5 असल्याने नखाने ओरखडा उठत नाही, चाकूने सहज उठतो. पण खरी ओळख पटते ती ते फुटते कसे यावरून. एका दिशेने ते आरशासारखे सपाट सुटते. दुसऱ्या दोन दिशांनीही बऱ्यापैकी सपाट फुटते, आणि या बाजू तळाशी काटकोन करून उभ्या असतात. मात्र बाजू-बाजूंमधील कोन काटकोन नसून सुमारे 76 व 104 अंशांचे असतात. शंकरपाळ्याच्या आकाराची जाड वडी डोळ्यांसमोर आणावी. कॅल्साइटचा तुकडा याउलट सर्व बाजूंनी कललेला, दाबून तिरप्या केलेल्या आगपेटीसारखा असतो. त्यात कोठेच काटकोन सापडत नाही. शिवाय कॅल्साइटवर सौम्य आम्ल टाकले तर फेस येतो, सेलेस्टाइटवर येत नाही.

खनिज ठराविक पातळ्यांवरच फुटते याचे कारण त्यातील अणूंची शिस्तबद्ध मांडणी होय. ज्या पातळीला जोडणारे बंध दुबळे, तेथे ते सुटते. या गुणास पाटन म्हणतात. रंग किंचितशा भेसळीने बदलतो, पण मांडणी बदलल्यावाचून पाटनाचा कोन बदलत नाही.

या दगडाचा व्यवहारातील इतिहासही मनोरंजक आहे. आपल्या साखर कारखान्यांतील मळी शिक्षकांच्या परिचयाची आहे. 19व्या शतकात जर्मनीत बीटाच्या साखरेच्या मळीत उरलेली साखर काढून घेण्यासाठी स्ट्रॉन्शियमचे संयुग वापरीत, आणि त्यासाठी इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या शेतांतून सेलेस्टाइट खणून नेत. पुढे जुन्या, काचेच्या नळीच्या रंगीत दूरदर्शन संचांत क्ष-किरण अडविण्यासाठी काचेत स्ट्रॉन्शियम घालीत. सपाट पडदे आल्यावर तो उपयोगही संपला. शोभेच्या दारूतील लाल ज्योत मात्र अजून त्याचीच आहे. (अणुस्फोटांच्या संदर्भात वाचनात येणारे स्ट्रॉन्शियम-90 निराळे, ते निसर्गतः या दगडात नसते.)

आता आपल्या पेटीकडे वळू. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाचा आहे. त्याच्या पोकळ्यांत विहिरी खणताना निघणारे स्फटिक बहुधा गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट किंवा अॅपोफिलाइट यांचे असतात. तेव्हा निळसर दगड मिळाला म्हणून त्यास सेलेस्टाइट म्हणू नये. वजन करून पाहावे. प्रयोगशाळेतील तानकाट्यास दगड दोऱ्याने टांगून हवेत व नंतर पूर्ण पाण्यात बुडवून वजन घ्यावे, आणि हवेतील वजनास घटलेल्या वजनाने भागावे. 200 ग्रॅमचा दगड पाण्यात 125 ग्रॅम भरला तर घट 75 ग्रॅम, विशिष्ट गुरुत्व सुमारे 2.7, तो गारगोटी किंवा कॅल्साइट असू शकेल. काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी. तोच दगड पाण्यात 150 भरला असता तर उत्तर 4 आले असते. झिओलाइट याहून हलके, 2 ते 2.4 च्या आसपास. दगडाचा तुकडा निर्भेळ असावा. मातकट किंवा सच्छिद्र असल्यास उत्तर चुकते.

पाटन दाखविण्यास खडेमीठ उत्तम. खडा कापडात गुंडाळून हलकेच ठेचावा आणि भिंगातून तुकडे पाहावेत. लहानातील लहान तुकड्यालाही काटकोनी कडा दिसतील. ज्योतीचा लाल रंग पाहण्याच्या प्रयोगास तीव्र आम्ल लागते, तो प्राथमिक वर्गात करू नये. पेटीतील चिठ्ठीवर नावाच्या आधी दगड कोठे सापडला ते गाव, मग काढलेले विशिष्ट गुरुत्व, मग ओरखड्याची नोंद लिहावी. नाव नक्की होईतो ती जागा कोरी ठेवण्यास हरकत नाही.