तंबोऱ्यामागचे

१५ डिसेंबर २०२४ला तबलावादक झाकीर हुसेन गेले. पुढचे दोन दिवस मोबाईलवर त्यांचे फोटो येत राहिले. उडते केस, मिटलेले डोळे, हवेतले हात. एकाही फोटोखाली काढणाऱ्याचं नाव नव्हतं. ते लागलं, कारण मीही फोटो काढणारा.

अलोऱ्यातल्या कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतलं माझं लहानपण दोन ओळींत संपतं : पाऊस, कोळकेवाडी धरण, शिमग्यातलं नमन, शनिवारचं भजन. नव्वदनंतरची लग्नाच्या अल्बमांची वर्षं तर एका ओळीचीही नाहीत. माझं दशक ऐंशीचं.

डिसेंबरात एसटीनं कुंभार्ली घाट चढून पुणं गाठायचं. रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणावर रात्र-रात्र सवाई गंधर्व महोत्सव चालायचा. जवळ उसना कॅमेरा आणि ३६ फोटोंचा एकच रोल. फ्लॅश नको, म्हणून ४०० एएसएची फिल्म १६००वर पुश करायची. दाणा बाजरीएवढा यायचा. रोल पुरवायचा तर डोळ्यांआधी कान लावावे लागत. समेवर बटण दाबलं की उशीर झालेला असतो, चेहरा सैलावलेला असतो. भीमसेन जोशींच्या कपाळावर समेच्या किंचित आधी जे गोळा व्हायचं, ते हवं. मात्रा मोजायला मी शिकलो तो असा.

काँटॅक्ट शीट पाहिली आणि चपापलो. निम्म्या फ्रेमांत गवई कडेला आणि मधोमध तंबोऱ्यावरची मुलं. कान जवारीवर, नजर गुरूच्या पाठीवर. मागं बसणाऱ्यांकडेच माझा कॅमेरा वळत होता, कारण मीही त्यांच्यातलाच. त्यातला एक फोटो एका संपादकानं छापला, तोही तंबोरे कापून. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचा प्रकाश मला परवडणारा नव्हता. पुण्याच्या मैफली टिपायला सतीश पाकणीकर होते. मी गावी आलो आणि भजनातल्या पखवाजवाल्याला गाठलं. पखवाजाला कणीक थापत ते म्हणाले, "माजा कशाला? बुवांचा काढ." मी त्यांचाच काढला, कणकेच्या बोटांसकट.

आता मांडवात गाणं सुरू होताच मोबाईल वर जातात. समेची वाट कोण बघतो? रोल संपत नाही, म्हणून कान लागत नाही.

पखवाजवाले गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा तेवढाच फोटो निघाला. हार त्यालाच घातला.

फोटो खुशाल पुढे पाठवा. फक्त कडेची माणसं कापू नका, आणि काढणाऱ्याचं नाव ठाऊक असेल तर तेही राहू द्या.