माळ्यावर झोपायची खोली करताना

घरात सून यायची असते, धाकटी बारावीला असते आणि खोल्या मात्र तेवढ्याच. नवी खोली बांधायची तर दोन सुगींचा पैसा त्यात जातो. मग नजर माळ्याकडे वळते. कोकणात, मावळात कौलारू घरांना लाकडी माळा असतोच. त्यावर कांदे, मोडकी कणगी, जुने अवजार आणि उंदीर नांदत असतात. ते सारे खाली उतरवले तर चांगली खोली निघते. पण उतरत्या छपराखाली सामान मांडायचे ते टेप हातात घेऊनच.

समजा, घराची रुंदी १६ फूट आहे. कडेच्या भिंतीशी वासे माळ्याच्या फळ्यांपासून ३ फुटांवर आणि मधोमध आढे ८ फुटांवर आहे. म्हणजे भिंतीपासून फूटभर आत आले की उंची साडेसात इंच वाढते. ६ फूट उंची मिळायला जवळजवळ ५ फूट आत यावे लागते. ताठ चालता येईल असा पट्टा मधे जेमतेम सहा-साडेसहा फुटांचा उरतो. नेमक्या याच पट्ट्यात लोक खाट टाकतात आणि मग आयुष्यभर वाशांवर डोकी आपटत बसतात. झोपायला उंची लागत नाही, चालायला लागते!

खाट भिंतीला समांतर, पण भिंतीपासून दीड फूट सोडून ठेवा. ३ फूट रुंदीची, फूटभर उंचीची बुटकी खाट असेल तर मधल्या बाजूने उठताना डोक्यावर पावणेसहा फूट मिळतात. मागच्या दीड फुटात ट्रंका आणि वळकट्या बसतात. ट्रंकांखाली विटा द्या, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. पावसाळ्यात ओल आणि विंचू दोन्ही तिथेच दडतात.

उंच लोखंडी कपाट फक्त त्रिकोणी भिंतीशी, आढ्याखालीच मावते. ते तुळईवर येईल असे ठेवा, नुसत्या फळ्यांवर नको. आणि चढवण्याआधी जिन्याचे तोंड मोजा. अर्ध्या जिन्यात अडकलेले कपाट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. त्यापेक्षा गावच्या सुताराकडून दोन-अडीच फूट उंचीची फळ्यांची मांडणी करून घेतलेली बरी.

अभ्यासाचे टेबल त्रिकोणी भिंतीच्या खिडकीशी ठेवा. उजेडासाठी एखादे काचेचे कौल बसवता येते, मात्र त्याच्या बरोबर खाली टेबल नको. एप्रिलमध्ये दुपारी तिथे बसवत नाही. वाशांखाली बांबूची तट्टी ठोकून कौले आणि तट्टी यांत वारा खेळू दिला तर ताप पुष्कळ कमी होतो. छताचा पंखा लावू नका, हात वर केला की पाते लागते. टेबलावरचा पंखा पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ज्या माळ्यावर किंवा त्याच्या खालच्या खोलीत धान्य साठवून त्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या आहेत, तिथे कोणालाही झोपवू नका. हवेतल्या ओलाव्याने या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो आणि फळ्यांच्या फटींतून सहज वर येतो. त्यावर उतारा नाही. वास येईल तेव्हा उठू, असे म्हणू नका. झोपेत वास कळेलच असे नाही. या गोळ्या कोणालाही सर्रास विकायला बंदी आहे, तरी गावोगाव मिळतात. माणसे झोपणाऱ्या घरात त्या आणूच नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. चुलीचा धूरही वर साठतो. चूल माळ्याखालीच असेल तर आधी धुराडे काढा, मग खोलीचा विचार करा.

जिन्याच्या तोंडाला तिन्ही बाजूंनी कठडा हवा, आणि दिव्याचे बटण खाटेवरून हाताला लागेल असे. म्हातारी माणसे, गरोदर बाई आणि लहान मुले यांची झोपायची सोय खालीच बरी. मच्छरदाणीला मात्र इथे काठ्या लागत नाहीत. वाशांना चार खिळे मारले की झाले.