‘व्हिलन’ म्हणजे मुळात शेतात राबणारा माणूस! मग तो खलनायक कसा झाला?

सेनगाव : बारावीनंतर सेनगाव तालुक्यातून पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. ‘काहून’ हा शब्द तोंडातून निघाला की हॉस्टेलवर पहिली प्रतिक्रिया काय येते? “काय गावंढळ आहेस रे!” इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हे मीही ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात फार काही नसते, पण ऐकणारा पुढचे सहा महिने तोंड उघडताना दहा वेळा विचार करतो.

गावात राहणे ही शिवी कशी काय होते? हे फक्त मराठीत घडलेले नाही. सिनेमामुळे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘व्हिलन’ हा इंग्रजी शब्द याचेच सर्वात मोठे उदाहरण आहे.

शब्द आला कुठून?

लॅटिन भाषेत ‘व्हिला’ म्हणजे शेतावरचा मोठा वाडा आणि त्याभोवतीची जमीन. त्या जमिनीवर राबणारा तो ‘व्हिलानुस’. फ्रेंचमधून हा शब्द साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. म्हणजे ‘व्हिलेज’ आणि ‘व्हिलन’ हे एकाच मुळाचे भाऊ आहेत.

हा व्हिलन नेमका कोण होता?

तो गुलाम नव्हता. कसायला त्याच्याकडे जमिनीचा तुकडा असायचा. पण त्याबदल्यात आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतात फुकट राबावे लागे. परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. मुलीचे लग्न करायचे तरी मालकाला पैसे मोजावे लागत. इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये जमीन आणि माणसांची जी प्रसिद्ध नोंदवही तयार करून घेतली, त्या ‘डूम्सडे बुक’मध्ये सर्वात मोठा वर्ग याच लोकांचा आहे.

मग तो वाईट कधी ठरला?

इथे घोडा येतो. ‘शिव्हलरी’, म्हणजे सरदारी सभ्यता आणि दिलदारपणा, हा शब्द फ्रेंचमधल्या ‘घोडा’ या शब्दावरून आला. ज्याच्याकडे घोडा तो सरदार आणि तोच सभ्य. आपल्याकडेही स्वतःचा घोडा घेऊन लढाईला येणारा तो शिलेदार. आजही ‘शिलेदार’ हा मानाचाच शब्द आहे.

घोड्यावर बसलेल्याचे वागणे सभ्य ठरले, तेव्हा चिखलात उभा असलेल्याचे वागणे आपोआप असभ्य ठरले. सरदाराला न शोभणारे बोलणे-वागणे म्हणजे ‘व्हिलनी’. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका सरदाराचे कौतुक केले आहे. कशाबद्दल? तर त्याने आयुष्यात कुणाशीही ‘व्हिलनी’चे बोलणे केले नाही. म्हणजे तोपर्यंत शब्दाचा अर्थ शेतकऱ्यावरून असभ्यपणावर सरकला होता. पुढे असभ्यचा नीच झाला, नीचचा गुन्हेगार झाला आणि १९ व्या शतकात नाटक-कादंबरीतल्या दुष्ट पात्राला हेच नाव मिळाले.

यात एक विरोधाभास आहे. चॉसरच्याच काळात, १३८१ मध्ये, इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी या वेठबिगारीविरुद्ध मोठे बंड केले. राजा दुसरा रिचर्ड याने त्यांना मुक्तीचे वचन दिले आणि बंड मोडताच ते फिरवले. शब्द मोडला राजाने, पण ‘व्हिलन’ हे नाव शेतकऱ्याचेच राहिले.

एकच शब्द की अख्खी रांग?

अख्खी रांग. इंग्रजीत उद्धट, असंस्कृत माणसाला ‘बूर’ म्हणतात. हा डच भाषेतल्या ‘शेतकरी’ या शब्दाचा भाऊ. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘बोअर’ युद्धातला बोअर तोच. तुसड्या माणसाला ‘चर्ल’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता साधा, सामान्य माणूस. उलट ‘सिव्हिल’ म्हणजे सभ्य, आणि तो शब्द आला ‘नागरिक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

‘नार्निया’च्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस हे भाषेचेही अभ्यासक होते. १९६० च्या ‘स्टडीज इन वर्ड्स’ या पुस्तकात त्यांनी हा नियमच मांडला : समाजातला दर्जा सांगणारे शब्द हळूहळू चारित्र्य सांगू लागतात. वरच्यांचे शब्द गुण होतात, खालच्यांचे दोष.

मराठीत काय घडले?

तेच. ‘ग्राम्य’ म्हणजे गावातले, पण संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष मानला गेला. ‘नागर’ म्हणजे नगरातले, पण अर्थ झाला सुसंस्कृत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या ‘अभिजात’चा मूळ अर्थ आहे चांगल्या कुळात जन्मलेला.

खलनायकातला ‘खल’ मात्र सांभाळून हाताळावा. संस्कृत कोशात ‘खल’चे दोन अर्थ सापडतात : दुष्ट माणूस आणि धान्य मळण्याची जागा, म्हणजे आपले खळे. शब्द सारखे दिसतात म्हणून खळ्यावरचा माणूस खल झाला, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. व्हॉट्सअॅपवर असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

शब्द परत वर येतात का?

येतात, आणि याचा पुरावा बाजारात मिळतो. ‘गावठी कट्टा’ आणि ‘गावठी दारू’ बदनाम आहेत, पण गावरान कोंबडी आणि गावरान तुपाचा भाव ब्रॉयलर आणि पाकिटापेक्षा जास्त आहे. वस्तूला किंमत आली की तिचा शब्दही सुधारतो.

दुसरे उदाहरण ‘कुणबी’. या शब्दापासून बनलेले ‘कुणबट’ हे विशेषण तुच्छतेने वापरले जायचे. तुकोबांनी मात्र चार शतकांपूर्वीच आपल्याला कुणबी केल्याबद्दल देवाचे आभार मानले होते. आज मराठवाड्यात याच शब्दाची नोंद घराघरांत शोधली जाते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, ती निजामकाळातल्या कागदांत हा एक शब्द शोधण्यासाठीच. ज्या शब्दाला कधी नाक मुरडले जायचे, त्यावर आता शिक्षण आणि नोकरीतल्या जागा ठरतात.

मराठी सिनेमाने तर ‘व्हिलन’चा हिशेबच उलटा केला. सत्तरच्या दशकातल्या ‘सामना’मधला निळू फुलेंचा हिंदुराव आठवा. साखर कारखाना त्याचा, गाव त्याच्या मुठीत. लॅटिनमध्ये व्हिलन होता वाड्यासाठी राबणारा. आपल्या पडद्यावर व्हिलन झाला तो वाड्याचा मालक.

थोडक्यात काय?

शब्दाचा अर्थ कोशात शेवटी नोंदवला जातो. त्याआधी तो बोलणाऱ्यांच्या तोंडी ठरतो आणि कोणाचे बोलणे मोठे मानायचे हे घोडा, वाडा, पगार यांवर ठरत आले आहे. यंदा सेनगावातून बाहेर शिकायला निघालेल्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ‘काहून’ म्हटल्यावर कुणी हसलेच, तर त्याला विचारा, ‘व्हिलन’चा मूळ अर्थ माहीत आहे का? आणि मग त्याला ‘काहून’ पण शिकवा.