गोड रम, कोरडा जिल्हा

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडला, लोहखनिजाच्या डोंगरांखाली, रमचा पेला घेऊन बसायची सोय नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायद्याने चव घ्यायची तर जिल्हा ओलांडायला हवा.

व्हिस्कीवर पोसलेली जीभ पिंपात मुरलेल्या रमला पहिल्याच घोटाला ‘पाक’ म्हणून मोकळी होते. हे अर्धंच खरं. ऊर्ध्वपातनात साखर वाफेबरोबर वर येत नाही, भट्टीच्या भांड्यातच राहते. मग गोडी येते कुठून? एक तर ओकच्या भाजलेल्या फळ्यांतून उतरणाऱ्या व्हॅनिलासारख्या वासातून. नाक जिभेला फसवतं. नाही तर मागाहून घातलेल्या साखरेतून. युरोपीय संघात रममध्ये लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत साखर चालते, स्कॉचमध्ये अजिबात नाही. थेंबभर रम तळहातावर चोळून वाळू द्या. चिकट लागली, तर साखर घातली आहे असं बहुधा समजावं.

गडचिरोलीच्या माडिया आदिवासी पाड्यांतली मोहाची दारू या पिंपात मुरलेल्यांच्या पंगतीत बसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुलं वाळवायची, आंबवायची आणि गाळायची, ही तिची जुनी रीत. पिंप नाही, म्हणून रंगही नाही. वास मात्र थेट फुलाचा.

आणि आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की रमप्रमाणेच उसाच्या मळीच्या अल्कोहोलवर उभी असते. रमला नाक मुरडण्याआधी आपल्या बाटलीचं लेबल वाचा.