रिफ्लेक्शनला काय दिसते आणि काय नाही

जावाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: प्रोग्राम चालू असताना एखाद्या क्लासमध्ये कोणकोणत्या मेथड्स आहेत, हे कसे शोधाल? उमेदवार ‘रिफ्लेक्शन’ म्हणतो, समोरचा मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न येतो. खरी गुंतागुंत त्या उत्तराच्या पुढे आहे. रिफ्लेक्शन जावात आले १९९७ साली, जेडीके १.१ बरोबर. आज स्प्रिंग, हायबरनेट, जेयुनिट, जॅक्सन ही सगळी मंडळी त्याच्यावर विसंबून आहेत. त्याविषयीची माहिती मात्र बरीचशी ऐकीव असते. आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच: रिफ्लेक्शन आपण लिहिलेला सोर्स वाचते असे आपण धरून चालतो. ते वाचते कंपायलरने बनवलेल्या क्लास फाइलमधला मजकूर. सातबाऱ्यावर मालक, क्षेत्र, पीक सगळे लिहिलेले असते, पण शेत काही त्यात दिसत नाही. तसेच इथेही मेथडचे नाव, पॅरामीटरचे प्रकार, परतीचा प्रकार मिळतो, आतला कोड मिळत नाही.

गैरसमज: ‘गेटमेथड्स’ म्हटले की सगळ्या मेथड्स हाती येतात.

येतात त्या फक्त पब्लिक, आणि वारशाने आलेल्यासुद्धा. म्हणून एकही मेथड नसलेल्या क्लासवर ती चालवली तरी ऑब्जेक्ट क्लासच्या ‘इक्वल्स’, ‘हॅशकोड’, तीन प्रकारचे ‘वेट’ अशा नऊ मेथड्स समोर येतात. ‘गेटडिक्लेअर्डमेथड्स’चा कारभार उलटा. ती प्रायव्हेट, प्रोटेक्टेड काही लपवत नाही, पण त्याच क्लासमध्ये जाहीर झालेल्यांपलीकडे जातही नाही. पालक क्लासची प्रायव्हेट मेथड हवी असेल तर ‘गेटसुपरक्लास’ने एकेक पायरी वर चढावे लागते. कन्स्ट्रक्टर तर या दोघींपैकी कुणीच देत नाही; त्यांची यादी वेगळी मागावी लागते.

गैरसमज: मी जितक्या मेथड्स लिहिल्या तितक्याच यादीत दिसतील.

हा सगळ्यात मजेशीर. ‘बिल’ नावाचा एक साधा क्लास घ्या. तो ‘कम्पेरेबल’ इंटरफेस ‘बिल’ याच प्रकारासाठी इम्प्लिमेंट करतो आणि त्यात एकच मेथड आहे, ‘कम्पेअरटू’, पॅरामीटर ‘बिल’. आता ‘गेटडिक्लेअर्डमेथड्स’ चालवा. ‘कम्पेअरटू’ दोनदा दिसते! एक ‘बिल’ घेणारी, दुसरी ‘ऑब्जेक्ट’ घेणारी. दुसरी आपण लिहिलेली नाही. जेनेरिक्स २००४ साली जावा ५ मध्ये आले तेव्हा जुना कोड मोडू नये म्हणून कंपाइल करताना प्रकार पुसून टाकायचे ठरले. त्यामुळे जेव्हीएमच्या लेखी इंटरफेसमधली मेथड ‘ऑब्जेक्ट’च घेते. ती हाक आपल्या मेथडपर्यंत पोचवायला कंपायलर गुपचूप एक ब्रिज मेथड घालतो. ‘इझब्रिज’ विचारले की ती ‘हो’ म्हणते.

पाहुणे एवढ्यावर थांबत नाहीत. लॅम्डा लिहिला तर त्याच्या कोडची वेगळी प्रायव्हेट मेथड तयार होते. टेस्ट कव्हरेज मोजणारे जाकोको क्लासमध्ये स्वतःची एक स्टॅटिक मेथड टोचते. म्हणून ‘माझ्या मशीनवर तीन मेथड्स दिसतात, बिल्ड सर्व्हरवर चार’ असा घोळ झाला की आधी ‘इझसिंथेटिक’ने गाळणी लावा. मेथड मोजणारा कोड ही गाळणी न लावता लिहिणे म्हणजे पुढच्या माणसाची रात्र खराब करणे.

गैरसमज: मेथड्स फाइलमधल्या क्रमानेच येतात.

जावाच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे की क्रमाची कोणतीही हमी नाही. जावा ६ पर्यंत तो बहुधा फाइलसारखाच यायचा, त्यामुळे कुणी लक्ष दिले नाही. २०११ मध्ये जावा ७ आले, क्रम बदलू लागला आणि एकमेकींवर अवलंबून असलेल्या टेस्ट्स आज पास, उद्या फेल होऊ लागल्या. शेवटी जेयुनिटने ४.११ या आवृत्तीत स्वतःचाच एक ठराविक क्रम लावायला सुरुवात केली.

पॅरामीटरच्या नावांचीही तीच कथा. ‘रक्कम’, ‘तारीख’ अशी नावे सोर्समध्ये असली तरी रिफ्लेक्शन ‘आर्ग०’, ‘आर्ग१’ दाखवते. खरी नावे हवी असतील तर जावा ८ पासून मिळणारा ‘पॅरामीटर्स’ हा पर्याय कंपायलरला द्यावा लागतो. स्प्रिंग ६.१ ने डीबग माहितीतून नावे काढण्याची जुनी सोय बंद केली, तेव्हा हा पर्याय न देणाऱ्या कित्येकांची धावपळ झाली. ॲनोटेशनचेही असेच: ‘रनटाइम’ रिटेन्शन दिलेले नसेल तर ते सापडत नाही. ‘ओव्हरराइड’ तर फक्त सोर्सपुरतेच असते, ते शोधत बसू नका.

गैरसमज: रिफ्लेक्शन असताना प्रायव्हेटला अर्थच नाही.

एके काळी हे बरेचसे खरे होते. ‘सेटॲक्सेसिबल’ला ‘ट्रू’ दिले की कुठलेही दार उघडायचे. २०१७ मध्ये जावा ९ ने मॉड्यूल आणले, पण जुन्या कोडसाठी पळवाट ठेवली. २०२१ मध्ये जावा १६ ने ती मुळात बंद ठेवली, जावा १७ ने काढूनच टाकली. आज ‘स्ट्रिंग’ क्लासच्या प्रायव्हेट मेथडवर हा प्रयोग केला तर ‘इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन’ मिळते. जेव्हीएम सुरू करताना ‘ॲड-ओपन्स’ दिले तरच वाट मोकळी होते. मॉड्यूलमध्ये न बांधलेल्या आपल्याच कोडवर मात्र जुनी युक्ती अजून चालते.

गैरसमज: रिफ्लेक्शन फार हळू, त्याच्या वाटेला जाऊ नये.

खर्च मेथड चालवण्यापेक्षा ती शोधण्यात जास्त असतो, कारण दर वेळी मागितले की ‘मेथड’ ऑब्जेक्टची नवी प्रत मिळते. एकदा शोधून स्टॅटिक फायनल फील्डमध्ये ठेवली की बराच फरक पडतो. २०२२ च्या जावा १८ ने मेथड चालवण्याची आतली यंत्रणा मेथड हँडल्सवर नव्याने उभारली, त्यामुळे जुन्या मोजमापांवर भिस्त ठेवू नये.

वेगापेक्षा मला सुरक्षिततेची काळजी जास्त वाटते. मेथडचे नाव स्ट्रिंगमध्ये लिहिले की कंपायलर हात झटकतो. कुणी नाव बदलले तर चूक कळते ती प्रोग्राम चालू असताना. शिवाय शोध काटेकोर असतो: मेथड ‘इंट’ घेत असेल आणि तुम्ही ‘इंटिजर’ विचारलेत, तर ‘नो सच मेथड’ एवढेच उत्तर. फ्रेमवर्क किंवा टेस्टिंगचे साधन लिहीत असाल तर रिफ्लेक्शन जरूर वापरा. रोजच्या बिलिंगच्या कोडमध्ये साध्या इंटरफेसने काम भागत असेल, तर इंटरफेसच लिहा.