जुनी विडीही सुटते

औताची पाळी संपली की विडी, बांधावर पाहुणा आला की विडी, खामगाव वा मलकापूरच्या बाजारात कापसाची गाडी लावून वाट पाहताना पुन्हा विडी. अशा रीतीने ही सवय बुलढाणा जिल्ह्यातील पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडते. मग "सारा जन्म ओढण्यात गेला, आता सोडून काय लाभ?" असे म्हटले जाते. ही समजूत चुकीची आहे.

ब्रिटनमध्ये १९५१ पासून सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाचा पन्नास वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यास, ती न सोडणाऱ्याच्या मानाने, सरासरी ३ वर्षांचे अधिक आयुष्य लाभते. पन्नासाव्या वर्षी सोडल्यास ६, तर चाळिसाव्या वर्षी ९ वर्षांचे. विडी सिगारेटहून सौम्य असते, असेही मानू नये. ती वारंवार विझते, म्हणून झुरके अधिक घ्यावे लागतात. क्षयाचा धोकाही धूम्रपानाने वाढतो.

सवय सुटणे अवघड जाते, ते तंबाखूतील निकोटीनमुळे. विडी बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश जाणवतो. काही आठवड्यांत तो त्रास ओसरतो. प्रत्येक तलफ थोड्याच मिनिटांची असते. तेवढा वेळ पुढील उपाय करावेत :

१. सोडण्याचा दिवस ठरवून घरच्यांस सांगावा. विड्या व काडेपेटी खिशातून काढून टाकावी.

२. तलफ येताच पाणी प्यावे, बडीशेप चघळावी किंवा हाती काम घ्यावे.

३. विडीऐवजी खर्रा वा मळलेली तंबाखू घेऊ नये. त्यातही निकोटीन असते, आणि तोंडाचा कर्करोग त्यानेही होतो.

४. एखादी विडी ओढली गेली, तरी निश्चय सोडू नये. पुष्कळांस दोन-चार प्रयत्नांनंतरच यश येते.

रोज एक बंडल म्हणजे वर्षास ३६५ बंडले. हा खर्च घरात बसून मोजावा. कापूस साठविलेल्या खोलीत वा कडब्याच्या गंजीजवळ पडलेले एक जळते थोटूक वर्षभराची कमाई भस्म करू शकते, हेही ध्यानी ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा शेतकऱ्यास उपदेश करण्यापेक्षा सोबत करावी. पहिल्या आठवड्यात दोनदा तरी त्याची विचारपूस करावी. जरूर पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, किंवा १८००-११-२३५६ या राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनीवर बोलण्यास सांगावे. स्वतः मात्र त्याच्यासमोर विडी पेटवू नये.